पट्ट्यापट्ट्यांचा मुलूख

बटण दाबून झालं आणि मग अमरनाथचं नावाकडं लक्ष गेलं. उस्मानाबाद. रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि समोर संगणकाच्या पडद्यावर दख्खनचा नकाशा पसरलेला. हा खेळ तो गेली काही वर्षं खेळत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधीपासून सुरू करायचं, एक देश निवडायचा आणि इतिहासाला वाटेल त्या रस्त्यानं हाकत न्यायचं. या खेपेला त्यानं दख्खनचं स्वतंत्र प्रजासत्ताक उभं केलं होतं. राजधानी बिदर. निजाम नाही, इंग्रज नाही, दिल्लीही नाही. कोकणपट्टी घेऊन झाली होती, मद्रासच्या वेशीला सैन्य भिडलं होतं. जिंकलेला, पण अजून आपला न झालेला मुलूख नकाशावर तिरक्या पट्ट्यांनी भरलेला दिसायचा. खाली मूळच्या मालकाचा रंग आणि वरून आपला. अशा प्रत्येक प्रांतापुढं दोन आकडे असत. एक प्रतिकाराचा. दुसऱ्या आकड्याचं इंग्रजी नाव त्याला कोरडं वाटायचं, म्हणून तो मनातल्या मनात त्याला राजीपणा म्हणायचा. लोक किती राजी झाले, हे सांगणारा आकडा. कारभार सौम्य ठेवला तर राजीपणा हळूहळू वाढे, पण तोवर रेल्वेचे रूळ उखडले जात, कारखाने पेटत, बंदोबस्ताला पलटणी अडकून पडत. कठोर ठेवला की प्रतिकार झपाट्यानं खाली येई. अमरनाथ कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. हिशोब त्याला पहिल्याच महिन्यात उमगला होता. पट्टे दिसले की कठोर. बोट आपोआप तिकडं जायचं. मागच्या रविवारी बंडात गेलेला एक टापू आज परत घेतला, तसं बोट गेलं, आणि मग नाव दिसलं. ज्या गावात, आताच्या धाराशिवात, तो या क्षणी बसला होता तेच.

"सर, थांबलात का?" कानातल्या यंत्रातून विरेश म्हणाला. विरेश त्याचा जुना विद्यार्थी, आता हैदराबादला नोकरीला. दर रविवारी दोघं मिळून हे राज्य चालवायचे. विरेशकडं आरमार आणि समुद्रकाठ, याच्याकडं जमीन.

"अरे, आपल्याच जिल्ह्यावर कठोर लावला मी."

विरेश हसला. "राहू द्या सर. वर्षभरात प्रतिकार शून्यावर येतोय बघा. आपली माणसं काय, परकी काय, खेळाला सारखीच."

अमरनाथही हसला, पण पोटात कुठंतरी पायरी चुकल्यासारखं झालं होतं. गंमतच होती खरं तर. तरी त्यानं घड्याळ पुढं सोडलं नाही. पट्टे बघत राहिला. एवढ्या लहान तुकड्यात नळदुर्ग, लोहारा, मुरुम, सगळं आलं; मुरुमच्या पुढं कन्नड मुलखाच्या सीमेला टेकलेलं त्यांचं स्वतःचं गावही त्यातच. त्या गावाची आठवण त्याला नेहमी एका भिंतीपासून सुरू व्हायची. माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा होता, वर निमुळता, कमानदार. दरवर्षी आजोबा, गुरुसिद्धप्पा, स्वतःच्या हातानं त्याला चुना लावायचे आणि त्यात काही म्हणजे काही ठेवू द्यायचे नाहीत. दिवा नाही, करंडा नाही, लिंगपूजेचं सामान नाही. लहानपणी त्यानं एकदा त्यात गोट्या ठेवल्या तर आजोबांनी मुस्काटात मारली होती. एरवी ते कुणावर हात उचलणारे नव्हते. का मारलं ते कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. घरातल्या काही जागा अशाच असतात, असं त्यानं धरून घेतलं.

"आज कुठं पडला?" मागून आप्पांनी विचारलं.

आप्पा, त्याचे वडील शरणबसप्पा, दिवाळीपासून इथं राहायला आले होते. आई, मल्लम्मा, गेल्यावर गावात एकटं कसं राहणार, म्हणून राजेश्वरीनं, अमरनाथच्या बायकोनं, हट्टानं आणलं. वय चौऱ्याऐंशी. दुपारी ते मागच्या पलंगावर बसून पडद्याकडं बघत. हा पावसाचा नकाशा आहे अशी त्यांची समजूत होती आणि ती कुणी मोडली नव्हती.

"पाऊस न्हाई आप्पा. खेळ आहे हा. लढाईचा."

"मग ते पट्टे कसले?"

"जिंकलेला मुलूख. म्हणजे आपल्याकडं आहे, पण अजून आपला नाही."

आप्पा पुढं सरकले. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला. "ताबा," ते म्हणाले. "त्येला ताबा म्हनत्यात. आपल्या घराला बी तेच म्हनायचे."

"कुठल्या घराला?"

"गावाकडल्या. मनियाराचं घर ते. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

अमरनाथनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यातून विरेशचा आवाज बारीक, किड्यासारखा येत राहिला. आप्पा काही गुपित फोडत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. कुणी वाट विचारावी आणि सांगावी, तसं ते सांगत होते. मधेच कन्नड, मधेच मराठी. त्यांचं मूळचं घर वेशीजवळ होतं. रझाकार आले त्या उन्हाळ्यात ते जळालं, कणगीतल्या जोंधळ्यासकट. गुरुसिद्धप्पा बायकापोरांना घेऊन शेतातल्या खोपीत राहिले. तेव्हा इस्माईल मनियारानं दोन पोती जोंधळा आणि एक घोंगडं पाठवलं. मनियार म्हणजे बांगड्या भरणारा, गावातल्या बायाबापड्यांच्या घरात रोजचं येणंजाणं. त्याचा मुलगा लतीफ आणि शरणबसप्पा एका वयाचे, सात वर्षांचे. मग पोलीस ॲक्शन झालं आणि वारं उलटं फिरलं. बाहेरून माणसं आली, गावातलीही काही त्यांच्यात मिसळली. "इस्माईलला वेशीभाईर नेलं. दिवसाउजेडी नेलं. त्यो काय परत आला न्हाय. दुसऱ्या दिशी त्येची बायको, जैनबी चाची, पोरं घिऊन गाडीत बसली. आमी खोपीतून बगत व्हतो. सांजच्याला आमचे आप्पा, तुजा आजा, म्हनले, चला. घर मोकळंच हाय, आपुन न्हाय गेलो तर दुसरा कुनी जाईल."

"मग?"

"मग काय. गेलो. चुलीत इस्तू व्हता. टोपल्यात भाकरी व्हत्या, फडक्यानं झाकलेल्या. लई भूक लागलती आमाला." आप्पांनी हात मांडीवर उताणा ठेवला. "ते कोनाडं हाय न्हवं पच्छिमेला? तिथं तिची पोथी असायची, कुरान. ती तेवढी घिऊन गेली."

पडद्यावरचा प्रांत पट्ट्यांसकट तसाच स्थिर उभा होता. अमरनाथच्या मनात आलं की आजोबांनी तो कोनाडा आयुष्यभर सांभाळला आणि बाकी सगळं घर वापरलं. कुणी त्यांना कठोर म्हटलं नसतं. त्यांनी कुणाला हाकललं नव्हतं, कुणावर हात टाकला नव्हता, मोकळ्या घरात ते शिरले होते. त्या घरात आप्पांचं लग्न झालं, अमरनाथ जन्मला, पाळण्यात त्याचं नाव ठेवलं गेलं. खेळात राजीपणा ठराविक पातळीला पोचला की पट्टे निघून जातात, रंग भरीव होतो आणि प्रांत यादीतून गळतो. मग त्याच्याकडं कुणी बघत नाही. खेळात गेलेल्या माणसांचं काय होतं? लोकसंख्येचा आकडा थोडा कमी होतो, इतकंच. पोटाची ती चुकलेली पायरी आता सापडल्यासारखी वाटली, पण तिच्यावर पाय ठेवायचा धीर होईना.

"पुढं कुठं गेले ते?" त्यानं विचारलं.

"कुटं जातील? आधी गुलबर्ग्याला, मग मुरुमला. लतीफचं दुकान हाय की मुरुमात. बाजारच्या दिशी दिसायचा. म्या इकडल्या बाजूनं जायचो, त्यो तिकडल्या." आप्पा थांबले. "भूकंपाच्या टायमाला आलता."

आणि अमरनाथला तो माणूस आठवणीत दिसला. तेव्हा अमरनाथ चौदा वर्षांचा होता. लोहाऱ्याकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. त्यांच्या गावात भिंतींना चिरा पडल्या, दोन-चार घरं बसली, माणसं वाचली. सगळे अंगणात खाटा टाकून होते. सकाळी उशिरा एक माणूस सायकलवरून आला आणि गल्लीच्या तोंडाशी उतरला. पांढरा लेंगा, धुळीनं माखलेला. त्यानं सायकल हातात धरूनच घराकडं बघितलं, छपराकडं, भिंतीकडं, पुन्हा छपराकडं. त्या दिवसांत बघायला येणाऱ्यांची जत्राच लागली होती, त्यातलाच एक, असं अमरनाथला वाटलं. आप्पा समोर खाटेवर बसले होते. दोघांची नजरानजर झाली असणार. कुणी काही बोललं नाही. आई घरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तोवर तो सायकलवर बसून निघून गेला होता. आई तांब्या घेऊन तशीच उभी. हे सगळं त्याच्या डोक्यात इतकी वर्षं कसं पडून होतं, आणि कधी काही बोललं कसं नाही?

पुढचे काही दिवस तो वर्गात चुकायला लागला. फळ्यावर समीकरण मांडायचा आणि डावीकडची संख्या उजवीकडं नेताना चिन्ह बदलायला विसरायचा. पोरं हसायची. घरी राजेश्वरीनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती मुरुमचीच. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप्पांना घेऊन जा की एकदा. दोघं म्हातारे झाले. वाट कसली बघायची?"

शनिवारी त्यानं आप्पांना गाडीत बसवलं. तुळजापूर, नळदुर्ग, येणेगूरहून आत वळले. दोन्हीकडं जोंधळा काढणीला आला होता. आप्पांनी नवं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. बाजाररस्त्याला बांगड्यांचं दुकान होतं, पुढं काचेच्या बांगड्यांच्या नळकांड्या उन्हात चमकत होत्या. लतीफचा मुलगा युनूस गिऱ्हाईक करत होता आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक वाळका म्हातारा बसला होता. गाडीतून उतरणाऱ्या आप्पांकडं तो बघत राहिला.

"शरण्या," तो म्हणाला. विचारल्यासारखं नव्हे, नाव टाकल्यासारखं.

"हौ," आप्पा म्हणाले.

युनूसनं दुसरी खुर्ची आणली, चहा सांगितला. दोघं बराच वेळ गुडघ्यांविषयी बोलले. लातूरच्या कुठल्या डॉक्टरचं औषध लागू पडतं, साखर किती आहे, कुणाला मोतीबिंदू झाला. अमरनाथ शेजारी उभा होता आणि त्याला वाटत होतं, एवढंच होणार, चहा पिऊन आपण निघणार. मग लतीफ म्हणाला, "मल्लम्मा गेली म्हनं."

"दिवाळीच्या आदी. तुला कुनी सांगितलं?"

"बांगड्या भरायला आली न्हाई, तवा इचारलो." लतीफनं आप्पांकडं नीट बघितलं. "तुला म्हाईत न्हाई? माझ्याकडंच भरायची ती. लगीन झाल्यापून. भूकंपापून तर येळवशीला डबा बी आनायची. भज्जी, आंबील, उंडे. म्हनायची, शेतातलं हाय, नक्को म्हनू नगा."

अमरनाथला आई आठवली. येळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शेतातलं जेवण आटोपलं की ती एक डबा वेगळा बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी माहेरी चालले म्हणून मुरुमची गाडी पकडायची. आप्पा बशीतल्या चहाकडं बघत होते. चहावर साय धरली होती. बायकोनं एवढी वर्षं जे केलं ते त्यांना कळत होतं, की आपण काय केलं नाही ते कळत होतं, कुणास ठाऊक.

"भूकंपाच्या टायमाला तू आलतास," आप्पा म्हणाले. "म्या आत ये म्हनलो न्हाय."

"बरं केलास. आत आलो असतो तर निघता आलं नसतं मला." लतीफनं नळकांडीवरची एक बांगडी काढून उगीच परत घातली. "अम्मी जिती व्हती तवा. सकाळपून एकच धोसरा, घर हाय का पडलं बगून ये. म्हून आलतो. जाऊन सांगितलो, हाय, उभं हाय. मग जेवली ती."

"आनि काय म्हनली?"

"कोन ऱ्हातंय म्हनली. म्हनलो, शरण्या. बरं म्हनली."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मग आप्पा एकदम कन्नडात म्हणाले, "बा, मनिगी." ये, घरी चल. लहानपणी खेळता खेळता म्हणत असतील तसंच म्हणाले, आर्जव नाही, काही नाही.

"नक्को शरण्या," लतीफ म्हणाला. "आता काय करू यिऊन?"

परतीच्या वाटेवर आप्पा रडले नाहीत. नळदुर्गपाशी त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "डब्याचं मला सांगायचं न्हाय का तिनं?" सांगितलं असतं तर आप्पांनी तिला जाऊ दिलं असतं का, हा प्रश्न दोघांच्या मधोमध गाडीत बसून धाराशिवपर्यंत आला.

त्या रविवारी अमरनाथ संगणकापुढं बसला. त्यानं यादी उघडली आणि एकेका प्रांताचा कारभार सौम्य केला. विरेश ओरडला, "सर, मद्रासची फौज अडकेल! काय चाललंय?" उस्मानाबादपाशी आल्यावर सौम्यही त्याला पुरेना. त्यानं तो प्रांत मोकळाच करून टाकला, ज्याचा त्याला दिला. पडद्यावर शिंग वाजलं, पट्टे गेले, दुसराच एक रंग भरला. तो वाट बघत बसला. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. खेळाला काही वाटायचं कारण नव्हतं. सीमेवरच्या पलटणी मागं हटल्या आणि घड्याळ पुढं चालू लागलं. देणं इतकं सोपं असेल तर ते देणं नव्हेच, हे त्याला त्या पडद्याकडं बघताना कळलं आणि लाज वाटली. घर लतीफला द्यायचं म्हटलं तर तो काय म्हणेल? नक्को म्हणेल. मग आपण सुटलो, असंही वाटेल आपल्याला. त्या सुटण्याचीच त्याला भीती वाटली. विरेशला त्यानं सांगितलं, काही दिवस तू एकटाच चालव. "आजारी आहात का सर?" विरेशनं विचारलं. "न्हाई रे, आप्पांना बरं नाही," तो म्हणाला. तेव्हा ते खोटं होतं.

पण मग ते खरंच झालं. उन्हाळा लागला तसे आप्पा जेवेनासे झाले. मराठी त्यांच्यातून हळूहळू निघून गेली आणि नुसती कन्नड उरली, तीही लहान मुलाची. राजेश्वरीला ते अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागले. पेरणीच्या आधी एका सकाळी ते गेले. गाडी करून त्यांना गावी नेलं. अमरनाथनं फोन करायच्या माणसांत युनूसचं नाव घेतलं. येतील असं वाटलं नव्हतं.

दुपारी शेतात खड्डा तयार होता. जंगम मंत्र म्हणत होते, लिंगायत रीतीनं आप्पांना बसवलं होतं, कपाळाला भस्म, तळहातावर इष्टलिंग. लोक बिल्वपत्र आणि मूठमूठ माती टाकत होते. त्या रांगेत लतीफ होता, युनूसच्या खांद्यावर हात ठेवून. त्यानं वाकून माती घेतली, टाकली, आणि बाजूला होऊन ओंजळ उघडी धरून काहीतरी पुटपुटला. गावातल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं.

परत आल्यावर दारात पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं. एकेकजण पाय धुवून आत जात होता. लतीफनंही पाय धुतले आणि तो बाजूला, ओट्याच्या कडेला उभा राहिला. युनूस गाडीकडं बघत होता. अमरनाथला वाटलं, आता बोललो नाही तर आपणही आप्पांसारखे खाटेवर बसून राहू. तो लतीफसमोर गेला.

"काका, आत या," तो म्हणाला.

लतीफनं त्याच्याकडं बघितलं, मग दाराकडं. युनूस पुढं झाला, "अब्बा, ऊन झालंय, चला." लतीफनं त्याला हातानंच थांबवलं. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि चौकट धरून तो आत गेला. अमरनाथ मागोमाग. बाहेरच्या उन्हातून आल्यावर माजघरात काहीच दिसत नव्हतं. अमरनाथ स्वतः अंदाजानं चालत होता. लतीफ मात्र न चाचपडता, सरळ, भिंतीला हात न लावता चालला, आणि माजघराच्या तोंडाशी आल्यावर त्याचा उजवा पाय उंच उचलला गेला. तिथं सपाट फरशी होती. पाय हवेत पडला, तोल गेला. अमरनाथनं दंडाला धरून सावरलं. दंडात नुसतं हाड होतं.

लतीफ खाली फरशीकडं बघत राहिला.

"हितं पायरी व्हती," तो म्हणाला.

"मला माहीत नव्हतं," अमरनाथ म्हणाला.